अरे, आवाज कुणाचा?

‘अरे, आवाज कुणाचा?’ ही आरोळी मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ती कॉलेजच्या पोरांच्या तोंडी असते, मोर्चात असते, कबड्डीच्या मैदानावर असते. एकजण विचारतो, शेकडो उत्तर देतात. उत्तरात कॉलेजचं नाव येतं, पक्षाचं येतं, पेठेचं येतं. ‘माझा’ असं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही. फुटबॉलच्या गॅलरीतल्या गाण्यांबद्दल आणि घोषणांबद्दल मला जे म्हणायचं आहे, ते सगळं या एवढ्याशा गोष्टीभोवती फिरतं.

इंग्लंडमध्ये 1991 साली फुटबॉल सामन्यांतल्या गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा झाला. मैदानाच्या दिशेने वस्तू फेकणं, मैदानात घुसणं आणि असभ्य किंवा वर्णद्वेषी घोषणा देणं हे त्यातले तीन गुन्हे. आता घोषणा म्हणजे काय, हे कायद्यात लिहावं लागलं. त्यांनी लिहिलं की, दुसऱ्या एका किंवा अधिक माणसांच्या जोडीने शब्द वा आवाज पुन्हापुन्हा काढणं म्हणजे घोषणा. एकटा माणूस नव्वद मिनिटं घसा फोडून ओरडला तरी कायद्याच्या लेखी ती घोषणा ठरत नव्हती. 1999 मध्ये दुरुस्ती झाली आणि एकट्याचं ओरडणंही त्यात आलं. पळवाट बुजवली हे योग्यच झालं. पण पहिल्या व्याख्येत एक खरी गोष्ट नेमकी पकडली गेली होती. घोषणेला दुसरा गळा लागतो. पहिल्याचं ओरडणं दुसऱ्याने उचललं की ते दोघांचं होतं, आणि दोनशेंनी उचललं की ते कुणाचंच राहत नाही.

ही गाणी येतात कुठून? बहुतेक उसनी असतात. आपल्याकडे ‘अमक्याच्या चालीवर’ हा शब्दप्रयोग किती सहज आहे पाहा. भजनी मंडळं सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतात, निवडणुकीच्या प्रचाराच्या रिक्षा कोळीगीतांच्या चालीवर उमेदवाराचं नाव घेत फिरतात. चाल लोकांच्या कानात आधीच बसलेली असते, शब्द तेवढे बदलायचे. फुटबॉलच्या गॅलरीचं काम याच रीतीने चालतं. वेल्समध्ये चर्चच्या प्रार्थनेसाठी 1907 साली ‘कूम रॉन्डा’ नावाची चाल बांधली गेली. त्याच चालीवर आज इंग्लंडभर हरणाऱ्या संघाच्या समर्थकांना विचारतात, ‘आता का गप्प बसलात?’ साउदॅम्प्टनचा क्लब 1885 साली चर्चच्या तरुण मंडळींनी काढला, म्हणून तिथे ‘सेंट्स’चं जुनं भक्तिगीत. पोर्ट्समथला तर चाल गावाच्या घड्याळानेच दिली. टाउन हॉलच्या घड्याळाचे टोल जसे पडतात, त्याच सुरांत तिथले लोक शंभराहून अधिक वर्षं आपल्या संघाला ‘खेळा रे’ म्हणत आले आहेत.

आणि हा प्रकार जुन्या काळापुरता नाही. ऑक्टोबर 2003 मध्ये बेल्जियमच्या ब्रूज क्लबचे समर्थक सामन्यासाठी मिलानला गेले. तिथल्या एका बारमध्ये ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या अमेरिकी बँडचं नवं गाणं लागलं होतं. त्यातली सात सुरांची ओळ त्यांना चढली. त्या रात्री ब्रूजने एसी मिलानला मिलानमध्येच 1-0 हरवलं आणि ती ओळ विजयाची होऊन बेल्जियमला परतली. 2006 मध्ये रोमाचे समर्थक ब्रूजला गेले, त्यांनी ती इटलीत नेली. त्याच उन्हाळ्यात इटलीने विश्वचषक जिंकला आणि जगाला वाटलं की हे इटलीचंच काहीतरी आहे. कुणी ठरवलं नाही, कुणी परवानगी मागितली नाही. लोकगीत कसं तयार होतं हे आपल्या डोळ्यांसमोर पाहायचं असेल, तर ते आता बहुधा फुटबॉलच्या गॅलरीतच दिसेल.

मी लिव्हरपूलचा. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाने असं म्हणावं याचं कुणाला नवल वाटलं तर वाटो. तेव्हा थोडा वेळ या इंग्लिश क्लबच्या ॲनफिल्ड मैदानावर थांबतो. तिथल्या गोलमागच्या उतरत्या गॅलरीला ‘कॉप’ म्हणतात. नाव आलं दक्षिण आफ्रिकेतल्या स्पियॉन कॉप या टेकडीवरून. जानेवारी 1900 मध्ये बोअर युद्धातली एक भयंकर लढाई तिथे झाली. लँकेशायरच्या पलटणींतली अनेक माणसं त्या टेकडीवर पडली, त्यांत लिव्हरपूलची पोरंही होती. त्याच युद्धात गांधीजींच्या भारतीय रुग्णसेवा पथकाने जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेलं होतं, याच टेकडीखालूनसुद्धा. 1906 मध्ये ॲनफिल्डवर मातीचा नवा उंच उतार उभा राहिला, तेव्हा एका स्थानिक पत्रकाराने त्याला ते नाव सुचवलं. म्हणजे या गॅलरीचं नावच मुळात मेलेल्यांच्या आठवणीचं. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

1963 च्या शेवटी लिव्हरपूलच्याच ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ या बँडचं ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. मूळ गाणं 1945 च्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकी संगीत नाटकातलं. नवरा मेलेल्या बाईला धीर देण्यासाठी ते नाटकात गायलं जातं. त्या काळी सामन्याआधी मैदानाच्या कर्ण्यावर लोकप्रिय दहा गाणी लावत, खालून वर, शेवटी पहिल्या क्रमांकाचं. कॉपवर दाटीवाटीने उभे असलेले गोदी कामगार, कारखान्यातली पोरं ती गाणी बरोबर म्हणत. बाकीची गाणी आली आणि गेली. हे एक यादीतून उतरल्यावरही लोकांनी सोडलं नाही. एप्रिल 1964 मध्ये लिव्हरपूलने आर्सेनलला 5-0 हरवून लीग जिंकली, त्या दिवशी बीबीसीचा कॅमेरा कॉपसमोर होता. ते चित्रण आजही पाहता येतं. हजारो माणसं बीटल्सचं गाणं म्हणत एका लाटेसारखी डुलताहेत, आणि ही लोकसंस्कृती दक्षिण समुद्रातल्या एखाद्या बेटावरच्या संस्कृतीइतकीच समृद्ध आणि गूढ आहे, असं वार्ताहर सांगतो आहे. मला त्यात सगळ्यात जास्त भावतात ते चेहरे. कुणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

मग 15 एप्रिल 1989. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कप या स्पर्धेतला लिव्हरपूलचा उपांत्य सामना. बाहेर गर्दी तुंबली, पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं आणि लोंढा आधीच भरलेल्या, जाळ्यांनी बंदिस्त केलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला. लोक उभ्या उभ्या गुदमरले. मृतांचा आकडा आज 97 आहे. दोष मात्र मेलेल्यांवर आणि वाचलेल्यांवर टाकला गेला. दारू पिऊन आले होते, गेट त्यांनीच तोडलं, असं पोलिसांनी सांगितलं आणि एका मोठ्या खपाच्या दैनिकाने असलेच आरोप पहिल्या पानावर ‘सत्य’ म्हणून छापले. 2012 मध्ये स्वतंत्र पॅनेलच्या अहवालाने तो खोटेपणा उघडा केला. 26 एप्रिल 2016 रोजी वॉरिंग्टनच्या न्यायालयात ज्युरीने सांगितलं की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि समर्थकांचा त्यात काहीही दोष नव्हता. 27 वर्षं! त्या दिवशी न्यायालयाच्या आवारात मृतांचे आईबाप, भावंडं एकमेकांचे हात धरून उभी राहिली आणि त्यांनी गाणं म्हटलं. कोणतं, ते सांगायला नको. कर्ण्यावर वाजणारं एक हिट गाणं पन्नासेक वर्षांत तिथवर पोचलं होतं.

आता दुसरी बाजू. याच हिल्सबरोवरून लिव्हरपूलच्या लोकांना डिवचणाऱ्या घोषणा इंग्लंडच्या मैदानांवर वर्षानुवर्षं दिल्या जातात. ‘तुम्ही कायमचेच पीडित, चूक कधी तुमची नसतेच’ ही त्यातली सगळ्यांत प्रचलित. 2012 चा अहवाल आल्यावर दोन-तीन दिवसांतही ती ऐकू आली. विचारलं की उत्तर मिळतं, छे, हे हिल्सबरोबद्दल नाहीच, दुसऱ्याच प्रकरणाबद्दल आहे. जून 2023 मध्ये वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्याला एक माणूस मँचेस्टर युनायटेडचा शर्ट घालून आला. पाठीवर 97 हा आकडा आणि वर लिहिलेलं, ‘पुरेसे नाहीत’. शर्ट छापून घ्यावा लागतो. अक्षरं निवडावी लागतात, पैसे द्यावे लागतात, सकाळी उठून तो अंगात घालावा लागतो. त्याला दंड झाला आणि चार वर्षं मैदानबंदी झाली. गर्दीतल्या आवाजामागे एरवी जो माणूस दिसत नाही, तो त्या शर्टामुळे एकदाच उजेडात उभा दिसला.

पण माझ्या बाजूचं काय? 6 फेब्रुवारी 1958 रोजी बेलग्रेडहून परतणारं युनायटेडचं विमान म्युनिकच्या बर्फाळलेल्या धावपट्टीवर तिसऱ्यांदा उड्डाण घेताना कोसळलं. 23 माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. डंकन एडवर्ड्स 21 वर्षांचा होता, तो पंधरा दिवस मृत्यूशी झुंजून गेला. त्यावर हात पसरून विमानाची नक्कल करत घोषणा देणाऱ्यांत लिव्हरपूलवाले होते, आजही अधूनमधून असतात. आणि 29 मे 1985 ला ब्रसेल्सच्या हेसल मैदानावर 39 माणसं मेली, बहुतेक युव्हेंटसचे इटालियन समर्थक. त्यांच्या अंगावर धावून गेले होते ते आमचेच लोक. त्यातल्या 14 जणांना शिक्षा झाली. त्या 39 जणांवर इटलीतच युव्हेंटसचे प्रतिस्पर्धी घोषणा देतात, आणि 1949 च्या सुपेर्गाच्या विमान अपघातात संपूर्ण गेलेल्या तोरिनोच्या संघावर युव्हेंटसवाल्यांपैकी काहीजण. प्रत्येकाकडे स्वतःचे मृत आहेत आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे मृत थट्टेला चालतात.

दोनेक वर्षांपूर्वी पुण्यात एका कॅफेत लिव्हरपूल-युनायटेड सामना पाहायला आम्ही पन्नासेक लोक जमलो होतो. लाल शर्ट, स्कार्फ, सामन्याआधी सगळ्यांनी उभं राहून गाणं म्हटलेलं. लिव्हरपूलने गोल केला तसा माझ्या पुढच्या टेबलावरचा, जेमतेम एकोणीस वर्षांचा मुलगा खुर्चीवर चढला आणि त्याने दोन्ही हात पसरून विमान केलं. उजवीकडे झुकला, डावीकडे झुकला. आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मध्यंतरात मी त्याला विचारलं, हे कशाचं होतं? ‘काका, युनायटेडवाल्यांना चिडवायला करतात तसं. इन्स्टावर बघितलं.’ मी त्याला म्युनिकचं सांगितलं. एडवर्ड्सचं वय सांगितलं. तो म्हणाला, ‘मला खरंच माहीत नव्हतं.’ मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आजही ठेवतो. दुसऱ्या अर्धात लिव्हरपूलने आणखी एक गोल केला, तेव्हा तो उठला, पण हात त्याने जॅकेटच्या खिशातून काढले नाहीत.

आता माझा मुद्दा. अशा घोषणांचा बचाव एकाच शब्दाने होतो, मस्करी. मैदानावरचं मैदानावर सोडायचं, त्याला अर्थ नसतो, रागाच्या भरात तोंडातून जातं. हा बचाव मला मान्य नाही, आणि तो मान्य नसण्याचं कारण नीतीपेक्षा सरळ हिशोबाचं आहे. वॉरिंग्टनच्या आवारात ते गाणं म्हणणाऱ्या आईच्या गाण्याला अर्थ होता की नाही? होता, असं सगळे म्हणतील. तो अर्थ नाटकाने दिला नव्हता, बँडने दिला नव्हता. हजारो लोकांनी दर शनिवारी म्हणून म्हणून तो त्यात भरला होता. मग गर्दीने म्हटल्याने गाण्यात एवढा अर्थ भरतो, तर गर्दीने म्हटल्याने शिवीतला अर्थ कसा काय गळून पडतो? आपलं गाणं पवित्र आणि आपली शिवी पोकळ, असं दोन्ही एकाच गळ्यातून निघत नाही.

शब्द जसेच्या तसे घेऊन निवाडा करता येत नाही, हेही मी जाणतो. लंडनच्या टॉटनहॅमचं उदाहरण घ्या. या क्लबाला ज्यू समर्थक बरेच, म्हणून विरोधी गॅलऱ्या ज्यूंसाठीचा हिणकस शब्द त्यांच्यावर फेकत. नाझींच्या विषारी वायूचा फुसफुसाट तोंडाने काढण्यापर्यंत काहींची मजल गेली. टॉटनहॅमच्या समर्थकांनी, ज्यू आणि बिगरज्यू सगळ्यांनी, तोच शब्द उचलून स्वतःचं नाव केलं. दगड फेकणाऱ्याच्या हातातला दगड काढून घ्यावा तसं. अनेक वर्षं ते अभिमानाने चाललं. 2022 मध्ये मात्र क्लबनेच समर्थकांना विनंती केली की आता हा शब्द सोडू या, कारण काही ज्यू सभासदांना तो आपल्याच मैदानावर ऐकवत नाही. मला ही विनंती योग्य वाटली. ज्यांच्यासाठी ढाल धरली, त्यांनाच ती बोचू लागली तर ढाल खाली ठेवायला हवी.

स्तुतीही कधी घाव करते. 2017 मध्ये युनायटेडच्या समर्थकांनी आपल्याच रोमेलू लुकाकू या खेळाडूवर कौतुकाचं गाणं केलं आणि त्यात कृष्णवर्णीय पुरुषाच्या शरीराबद्दलचा जुना, घाणेरडा समज घातला. गौरवच करतोय ना, असं म्हणून चालण्यासारखं ते नव्हतं. क्लबने थांबायला सांगितलं. त्याच सुमारास पलीकडे लिव्हरपूलमध्ये मोहम्मद सलाहवर गाणं निघालं. तो आणखी थोडे गोल करील तर आम्हीही मुसलमान होऊ, मशिदीत जाऊन बसू, अशा अर्थाचं. बियर घेतलेली गोरी मध्यमवयीन माणसं ते मनापासून गात होती. सलाह आल्यानंतर त्या भागातले द्वेषमूलक गुन्हे अपेक्षेपेक्षा सुमारे 16 टक्क्यांनी कमी झाले, असा अंदाज अमेरिकेतल्या अभ्यासकांनी पुढे मांडला. ते गाण्यामुळे की गोलांमुळे हे कोण वेगळं करणार? पण त्या गॅलरीत बापाच्या खांद्यावर बसून ते गाणं शिकलेल्या पोराच्या कानात ‘मशीद’ हा शब्द पहिल्यांदा आनंदाच्या सुरात गेला, याची किंमत मी कमी लेखणार नाही.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. हिल्सबरोनंतर इंग्लंडच्या मोठ्या मैदानांतल्या उभं राहून सामना पाहायच्या गॅलऱ्या गेल्या, कॉपवरही 1994 पासून खुर्च्या आल्या. तिकिटं महागली आणि गोदीतला, कारखान्यातला माणूस हळूहळू घरातल्या टीव्हीसमोर गेला. त्याचं म्हणणं असं की जागा घेतलीत, आता आवाजही घेता का? हा प्रश्न खोटा नाही. गॅलरीतला आवाज हा सत्तेला न मागता ऐकवलेला आवाज असतो. अल्जीरियात 2018 साली अल्जियर्सच्या एका क्लबच्या समर्थकांनी सत्ताधाऱ्यांवर रचलेलं गाणं पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध लाखोंच्या मोर्चात गायलं गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर डर्बी सामना रद्द केला, तेव्हा मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एका सुरात न्याय मागत उभे राहिले. पोलिसांच्या लाठ्याही खाल्ल्या.

म्हणून कायद्याने गॅलरीच्या तोंडाला कुलूप लावावं, असं मी म्हणणार नाही. स्कॉटलंडने 2012 मध्ये फुटबॉलमधल्या ‘आक्षेपार्ह वर्तना’वर मोघम, पसरट कायदा केला आणि सहा वर्षांनी तो रद्द करावा लागला. कायद्याचा हात आखूड आणि नेमका हवा. वंश, धर्म यांवरून माणसाला हिणवणं आणि मृतांवर नाचणं, एवढ्यावर तो पडावा. 2023 पासून इंग्लंडमधल्या सरकारी वकिलांनी दुर्घटनांवरच्या घोषणांना गुन्हा धरून खटले चालवायचं ठरवलं आहे, ते मला पटतं. बाकी पंचाला शिव्या घाला, हरणाऱ्याला खिजवा, मालकाला चालता हो म्हणा. त्याशिवाय गॅलरी कसली? पण पोलिसाला हजारांतला एक दिसतो. बाजूच्या खुर्चीवरच्याला बाजूचा नेहमी दिसतो. घोषणेला दुसरा गळा लागतो हे खरं असेल, तर तो गळा न देणं हा तिच्यावरचा सगळ्यांत जवळचा उपाय आहे, आणि तो प्रत्येकाच्या हातात आहे.

हे इंग्लंडपुरतं नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये आधी वडोदऱ्यात आणि मग आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला पाहून माकडाचे आवाज काढले. मुंबईत पोलिसांनी चौघांना पकडलं. गैरसमज झाला असेल, आपल्याकडे तसा हेतू नसतो, अशी सारवासारव तेव्हाही बरीच ऐकली. ज्या वानखेडेवर ‘सचिऽन, सचिन’ ऐकून अंगावर काटा येतो, तिथल्याच गॅलरीतून हे आलं होतं. चौघे पकडले गेले. ऐकून हसलेले किती होते?

आणि कोल्हापूर. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा, तालमीचा. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारपासून पेठ रिकामी व्हायची. ईर्षा अशी की सख्खे मावसभाऊ त्या दिवशी एकमेकांशी बोलत नसत. मी तेव्हा सोळा वर्षांचा. समोरच्या संघाचा गोलकीपर आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, सावळा, हडकुळा. त्याचे वडील महिन्याभरापूर्वी गेले होते, डोक्यावर केस नुकते उगवत होते. दुसऱ्या अर्धात तो आमच्या गॅलरीखालच्या गोलमध्ये आला. मागून कुणीतरी त्याच्या बापावरून दोन शब्द जुळवले, तेव्हाच्या एका चालू सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. चाल सगळ्यांना पाठ होती. तिसऱ्या खेपेला अख्खी गॅलरी ते म्हणत होती. तो पोरगा मागे वळला नाही. ग्लोव्हजचा पट्टा सोडायचा, पुन्हा लावायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा. चेंडू पार पलीकडच्या डीमध्ये होता.

आमच्या तालमीचे वस्ताद खालच्या पायरीवर बसायचे. ते उठले, मैदानाकडे पाठ केली आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. हात वर केला नाही, शिवी दिली नाही. आवाज हळूहळू विरला, मागच्या ओळीतला सगळ्यांत शेवटी.

‘कुणाचा आवाज रं ह्यो?’ त्यांनी विचारलं.

कुणीच बोललं नाही. माझा घसा दुखत होता.